खोक्यातून येणारे पाहुणे

मे महिन्यात वळवाचा पहिला पाऊस झोडपून जातो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या पक्षी-केंद्राच्या दारात चपलांचे खोके यायला लागतात. चपलांचेच असं नाही म्हणा. आंब्याची पेटी, मिठाईचा डबा, शाळेचं दप्तर, हेल्मेट, आणि एकदा तर एका आजींच्या पदराची झोळी! आत काय आहे ते आणणाऱ्याला नीटसं ठाऊक असतंच असं नाही. ‘गरुडाचं पिल्लू आहे, सांभाळून हं,’ असं म्हणत एक रिक्षावाले काका खोका पुढे करतात, आणि आतून कबुतराचं पिवळ्या लवेचं, भल्यामोठ्या चोचीचं पिल्लू आमच्याकडे रागाने बघत असतं. यात काकांची काही चूक नाही. कबुतराचं पिल्लू कबुतरासारखं दिसतच नाही मुळी! आणि २०१७ साली विशाखापट्टणमला गव्हाणी घुबडाची पिल्लं सापडली, तेव्हा तर लोकांनी ‘परग्रहावरचे प्राणी’ म्हणून त्यांचा व्हिडिओ देशभर फिरवला होता. त्यापुढे काकांचा गरुड काहीच नाही.

या आठवड्याचा लेख खरं तर शिंपी पक्ष्याच्या घरट्यावर लिहायचं ठरलं होतं. तो पुढे ढकलते आहे, कारण टपालात एक पत्र आलंय. सातवीतल्या एका मुलाचं आहे. ‘माझं नाव छापू नका’ असं त्याने दोनदा लिहून खाली रेघ मारली आहे, तेव्हा नाही छापत. त्याला सोसायटीतल्या जास्वंदीच्या कुंपणाखाली बुलबुलाचं पिल्लू दिसलं. उडता येत नव्हतं. मांजर खाईल म्हणून त्याने ते घरी आणलं, डब्यात कापूस घातला, दुधात पोळी कुस्करून भरवली, ड्रॉपरने चोचीत पाणी सोडलं. रात्री डबा उशाशी घेऊन झोपला. तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू मेलेलं होतं. त्याच जास्वंदीखाली त्याने ते पुरलं. पत्राच्या शेवटी तो विचारतो, ‘मी एवढं सगळं केलं तरी ते का मेलं? माझं काय चुकलं?’

मित्रा, असं विचारायला धीर लागतो. म्हणून तुला खरं उत्तर देते, गोड करून नाही. तुझ्याबरोबर बाकीच्यांनीही ऐकावं, कारण तू केलंस तेच दर उन्हाळ्यात शेकडो घरांत होतं. मोठ्यांच्या हातूनही होतं.

ते पिल्लू बहुतेक आजारी नव्हतंच. बुलबुलाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर बारा-तेरा दिवसांत घरटं सोडतात. उडायला शिकून मग घरटं सोडतात असं नव्हे. घरटं सोडतात आणि मग उडायला शिकतात. हे वाक्य हवं तर पुन्हा एकदा वाचा. अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड, चोचीच्या कडांना पिवळट झालर आणि जमिनीवर टुणटुण उड्या, असं पिल्लू म्हणजे पक्ष्यांच्या शाळेतला विद्यार्थी. दयाळ, साळुंकी, शिंपी, कावळा, सगळ्यांच्या पिल्लांचे असे काही दिवस असतात. आई-बाप तिथेच कुठेतरी फांदीवर असतात, चोचीत अळी घेऊन. मग ते खाली का येत नाहीत? कारण आपण तिथे उभे असतो! आपण जितका वेळ ‘बिचारं, एकटंच आहे’ म्हणत उभे राहू, तितका वेळ ते खरोखरच एकटं राहतं.

समजा, तुम्ही मैदानावर सायकल शिकताय. हँडल डगमगतंय, तुम्ही दोनदा आपटलात. बाबा पाच पावलांवर उभे आहेत. तेवढ्यात एक भलामोठा अनोळखी माणूस येतो, ‘अरेरे, याला सायकल येत नाही’ म्हणतो, तुम्हाला उचलून आपल्या घरी नेतो आणि प्रेमाने गवत खायला घालतो. आमच्याकडे मे-जूनमध्ये येणाऱ्या खोक्यांपैकी कितीतरी खोक्यांत असे पळवून आणलेले विद्यार्थीच असतात. आमचं पहिलं काम औषधपाणी नसतंच. ‘नेमकं कुठे सापडलं? कोणतं झाड? किती वाजता?’ असं विचारून आम्ही पिल्लाला त्याच दिवशी तिथे परत नेऊन ठेवायला सांगतो. पुष्कळदा आई-बाप तिथेच हाका मारत असतात.

‘पण माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही ना?’ हा प्रश्न हमखास येतो. आजीने सांगितलेला असतो, म्हणून तो खोटा म्हणताना जरा जपून बोलावं लागतं. पण खोटाच आहे तो. तुमच्या हाताच्या वासामुळे पक्षी आपलं पिल्लू टाकून देत नाहीत. भुकेलेली, आ वासलेली लालबुंद चोच समोर दिसली की आई-बापांना काही सुचत नाही, आधी अळी आत घातली जाते.

तेव्हा पिसं आलेलं, टुणटुणीत पिल्लू दिसलं तर लांब जाऊन, आडोशाला बसून तासभर बघा. मांजर-कुत्रं फिरत असेल तर अलगद उचलून जवळच्या झुडपात किंवा कमी उंचीच्या फांदीवर ठेवा, आणि बाजूला व्हा. पिल्लू उघडंबोडकं असेल, पिसं नसतील, डोळे मिटलेले असतील, तर मात्र ते पडलेलंच आहे. वर घरटं दिसतंय का बघा आणि मोठ्या माणसाच्या मदतीने परत ठेवा. घरटंच वाऱ्याने पडलं असेल तर एक छोटी परडी घ्या, तिच्या तळाला पाणी निथळायला भोकं असू द्या, आत वाळलेलं गवत घाला आणि त्याच झाडाला, सावलीच्या बाजूला घट्ट बांधा. पक्ष्यांना परडी चालते. त्यांना पिल्लू हवं असतं, घराचा आकार नव्हे.

आता दुधाचं. कोणत्याही पक्ष्याच्या पोटात गाई-म्हशीचं दूध पचत नाही. (कबुतराचं ‘दूध’ म्हणतात ते वेगळंच प्रकरण आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.) पोळीचा आणि ब्रेडचा लगदा पोट भरतो, पण बुलबुलाच्या वाढत्या पिल्लाला हव्या असतात अळ्या, नाकतोडे, कोळी आणि पिकलेली मऊ फळं. आणि पाणी! सगळ्यांत जास्त पिल्लं दगावतात ती बहुधा या प्रेमाने पाजलेल्या पाण्यामुळे. पक्ष्याची चोच उघडून बघितली तर जिभेच्या बुडाशीच एक छोटी फट दिसते. ते श्वासनळीचं तोंड. ड्रॉपरचा थेंब सरळ तिथून फुप्फुसात जातो. घरट्यातल्या पिल्लांना आई वेगळं पाणी पाजत नाही, अळीच्या अंगातलं पाणी त्यांना पुरतं. तुझ्या पिल्लाचं नेमकं काय झालं, दूध की पाणी की रात्रीचा गारठा, ते इथे बसून मला सांगता येणार नाही. पण तीन रात्री तू त्याच्यासाठी जागलास हे मला पत्रात दिसलं. पक्ष्याची काळजी वाटणं यात काही चुकलं नाही तुझं. ते उचलायची गरज नव्हती, एवढंच तुला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग काय, कुणालाच उचलायचं नाही? असं कसं! काही पाहुण्यांना खरंच आपल्या हाताची गरज असते.

मांजराने पकडून सोडलेला पक्षी हा त्यातला पहिला. जखम दिसत नसली, पक्षी ठणठणीत वाटत असला तरी त्याला डॉक्टरकडे न्यायचंच. मांजराच्या दातांवर आणि नखांवर असे जंतू असतात की सुईएवढ्या छिद्रातून आत गेले तरी एक-दोन दिवसांत पक्षी खलास होतो. तुमची मनी कितीही गुणी असो, दातांचं सांगता येत नाही. रक्त येतंय, पंख लोंबतोय, मांजा गुरफटलाय, काचेवर आपटून सुन्न पडलाय, हे तर उघडच आहे.

पण काही पाहुणे वेगळेच असतात. पाकोळी माहीत आहे ना? संध्याकाळी इमारतींभोवती चिर्रचिर्र ओरडत घिरट्या घालणारा, कोयत्यासारख्या पंखांचा काळा पक्षी. ती तारेवर बसत नाही, फांदीवर बसत नाही, तिचं सगळं आयुष्य हवेत. तिच्या कुळाचं शास्त्रीय नावच ‘पाय नसलेले’ अशा अर्थाचं आहे. पाय असतात, पण इवलेसे, भिंतीला लटकण्यापुरते. अशी पाकोळी सपाट जमिनीवर पडली की तिला पुन्हा उडणं फार जड जातं. लोकांना वाटतं पंख मोडला. काही जण तिला हवेत भिरकावून देतात, तसं मात्र मुळीच करायचं नाही. आधी तिला खोक्यात विश्रांती द्यायची आणि जाणकाराला दाखवायचं. काही दुखापत नसेल तर उघड्या मैदानावर तळहातावर ठेवून हात उंच धरायचा. ती थोडी थरथरते, आणि पुढच्या क्षणी हात रिकामा असतो. आमच्या केंद्रातला सगळ्यांत आवडता क्षण मला विचाराल तर हा.

दुसरा पाहुणा नवरंग. हिवाळ्यात तो दक्षिणेत आणि श्रीलंकेत असतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लं वाढवायला उत्तरेकडे निघतो. प्रवास रात्रीचा. शहराच्या दिव्यांनी गोंधळून, दमून तो मे-जूनमध्ये मुंबई-पुण्याच्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत, नाहीतर थेट मोरीत येऊन बसतो. हिरवा, निळा, पिवळसर, पोटाखाली लालभडक असा पक्षी पाहून घरच्यांना वाटतं, कुणाच्या तरी पिंजऱ्यातला परदेशी पक्षी सुटलाय. म्हणून ते त्याला पिंजऱ्यात घालतात आणि कांगणी टाकतात. नवरंग दाण्याला तोंडही लावत नाही, तो किडे खाणारा. त्याला हवा असतो एक अंधारा खोका आणि शांतता. मार लागलेला नसेल तर बहुतेक दुसऱ्या दिवशी तो पुढच्या गाडीला निघतो.

आणि कोकणातल्या दोस्तांनो, तुमच्याकडचे पाहुणे तर थेट समुद्रावरून येतात. जून ते ऑगस्टच्या वाऱ्यात मास्क्ड बूबीसारखे खोल समुद्रावर राहणारे पक्षी दमून किनाऱ्याच्या वाळूत बसलेले सापडतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाही असे पक्षी किनाऱ्याकडे ढकलले गेले होते. समुद्राचा पक्षी म्हणून लोक त्याला उचलून पुन्हा लाटांत सोडतात. बिचारा कसाबसा किनाऱ्याला लागलेला असतो हो! त्याला लाटेत सोडणं म्हणजे बुडायला धाडणं. आणि जवळ जाताना डोळे सांभाळा. बूबी, बगळे, ढोकरी या लांब चोचीच्या मंडळींचा नेम थेट डोळ्यावर असतो, आणि तो चुकत नाही.

उचलायचं ठरलं की मग काय करायचं, ते सोपं आहे. पुठ्ठ्याचा खोका, त्याला हवेसाठी भोकं, तळाला जुना सुती कपडा. भोकं पक्षी आत ठेवण्याच्या आधी पाडायची, नंतर नाही. (हसू नका, नंतर पाडणारे लोक आम्ही पाहिले आहेत.) पक्ष्यावर रुमाल टाकून हलक्या हाताने उचलायचं. छाती आवळायची नाही, कारण श्वास घ्यायला पक्ष्याला छातीचं हाड पुढे-मागे हलवावं लागतं. घट्ट धरलं तर तो तुमच्या मुठीत गुदमरतो. पिल्लू गार लागत असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवायची, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येतं. झाकण बंद. खायला नाही, प्यायला नाही, दर पाच मिनिटांनी डोकावणं नाही, शेजारच्या पिंट्याला दाखवणं नाही, फोटो नाही. तुम्ही कितीही मायेने बघितलंत तरी पक्ष्याला दिसतो तो आपल्याला खायला आलेला एक प्रचंड मोठा चेहरा.

इथे आई-बाबांसाठी दोन ओळी. वन्यपक्षी घरी ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. सापडलेला वन्यजीव ताब्यात घेतला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा अधिकाऱ्याला कळवावं लागतं. महाराष्ट्र वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं उपचार केंद्र आहे. मुंबईत परळचं ते जुनं ‘बैलघोडा हॉस्पिटल’ पक्ष्यांनाही तपासतं. तुमच्या गावात असं काही नसेल तर गुरांचे डॉक्टर आणि वनरक्षक तरी नक्की असतील. मुलांना ‘सोडून दे, आपल्याला काय करायचंय’ म्हणू नका, आणि ‘ठेवू या आपण, गोड आहे’ असंही म्हणू नका. दुसरं जास्त वाईट आहे.

का वाईट, ते सांगते.

आमच्याकडे पिल्लांचा दिवस पहाटे उजाडल्यावर सुरू होतो. किडे खाणाऱ्या लहान पिल्लांना दर वीस-तीस मिनिटांनी भरवावं लागतं, ते दिवस मावळेपर्यंत. एका बाजूने भरवत शेवटच्या पिल्लापर्यंत पोचलं की पहिलं पुन्हा चोच उघडून तयार! रोज सकाळी प्रत्येकाचं वजन करून वहीत लिहायचं. तांबटाला फळं, खंड्याला मासे, घुबडाला आख्खा उंदीर, तोही केस-हाडांसकट, कारण न पचलेल्या केसांची आणि हाडांची गोळी तोंडावाटे टाकल्याशिवाय घुबडाचं पोट नीट चालत नाही. हे सगळं आम्ही करतो, पण एक गोष्ट करत नाही. पिल्लांशी बोलत नाही. गंमत म्हणूनसुद्धा नाही. त्यांना नावं ठेवत नाही, वहीत नुसते आकडे. नव्याने मदतीला येणाऱ्या मुलामुलींना हेच सगळ्यांत अवघड जातं. अळ्या हातात धरायला त्या चार दिवसांत शिकतात, पण गप्प बसायला महिना लागतो.

कोनराड लॉरेन्झ नावाचे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ होते. त्यांनी हंसांसारख्या मोठ्या बदकांची, म्हणजे गीज पक्ष्यांची अंडी उबवली आणि पिल्लांनी डोळे उघडल्यावर पहिल्यांदा पाहिलं ते लॉरेन्झ यांनाच. झालं! पिल्लांनी त्यांनाच आई मानलं आणि त्यांच्या बुटांमागे रांगेने चालायला लागली. १९३५ मध्ये त्यांनी यावर लिहिलं आणि पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. फोटोत हे फार गोड दिसतं. पण विचार करा, स्वतःला माणूस समजणारं घुबडाचं पिल्लू मोठं झाल्यावर काय करेल? ते जोडीदार शोधणार नाही, शिकार शिकणार नाही. भूक लागली की पहिल्या दिसेल त्या माणसाच्या खांद्यावर येऊन बसेल. आणि आपल्याकडे खांद्यावर घुबड बसलं तर माणूस काय करेल, ते सांगायला नकोच.

अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डर नावाचं प्रचंड गिधाड आहे. १९८२ मध्ये ते अवघे २२ उरले होते. त्यांची पिल्लं माणसांनी वाढवायची ठरवली, तेव्हा प्राणिसंग्रहालयातल्या लोकांनी हातात कॉन्डरच्या डोक्याची बाहुली घातली आणि पडद्याआडून भरवलं. आपल्या कळसूत्री बाहुल्यांसारखाच खेळ, पण प्रेक्षक एकच आणि त्याला कधीच कळू द्यायचं नाही! १९९२ पासून असे कॉन्डर रानात सोडायला सुरुवात झाली. तरी पहिले काही पक्षी माणसांच्या घरांजवळ घुटमळायचे, विजेच्या खांबांवर जाऊन बसायचे. बाहुली भरवू शकते, पण चोच मारून शिस्त लावू शकत नाही ना. मग पिल्लांच्या सोबतीला मोठे कॉन्डर ठेवायला सुरुवात झाली.

आमच्याकडे हे काम एक ठिपकेवाली पिंगळा मादी करते. पिंगळा म्हणजे संध्याकाळी तारेवर बसून मान वर-खाली करणारं ते छोटं घुबड. तिचा एक पंख कायमचा अधू आहे, ती आता रानात जगू शकणार नाही. पण झाडतोडीत घर गमावलेली पिंगळ्याची पिल्लं आली की आम्ही ती तिच्या पिंजऱ्यात ठेवतो आणि उंदीर तिच्यापुढे टाकतो. ती फाडून फाडून पिल्लांना भरवते. आणि माणूस दारात आला की अशी कर्कश किंचाळते की पिल्लं धडा न गिरवता शिकतात: हा दोन पायांचा प्राणी वाईट. आम्हाला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.

पोपटांचं मात्र वाईट वाटतं. लहानपणी ढोलीतून काढलेले, पंख कापलेले, चार-पाच वर्षं पिंजऱ्यात काढलेले पोपट लोक ‘आता सोडून द्यायचाय’ म्हणून आणतात. खोका उघडला की आतून ‘मिठू, पेरू खा’ असा आवाज येतो. त्याला दुसऱ्या पोपटाची भाषा येत नाही. बहिरी ससाण्याची सावली पडली तर लपायचं असतं हेही माहीत नाही. काहींना थव्यात राहून, महिनोन् महिने उडण्याचा सराव करून जमतं. पुष्कळांना नाही जमत. ते आमच्याकडेच म्हातारे होतात.

आता घारीची गोष्ट. संक्रांत झाली की आमच्याकडे पुढचे दोन आठवडे नुसत्या घारी, बगळे आणि वटवाघळं. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर लोंबतोच आहे. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत एक पातळ कातडी ताणलेली असते. उडण्याची सगळी मदार तिच्यावर. मांजा नेमका तिथेच कापतो.

दिल्लीत पतंगांचा हंगाम १५ ऑगस्टच्या सुमाराला असतो. तिथले नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे भाऊ शाळकरी वयाचे असताना त्यांना एक जखमी घार सापडली. ते तिला पक्ष्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले, पण तिथे मांसाहारी पक्षी घेत नसत. घार परत न्यावी लागली. ही गोष्ट त्या मुलांच्या मनातून गेली नाही. पुढे काही वर्षांनी ते स्वतःच घारी सांभाळायला लागले. घरचा धंदा साबणाच्या डिस्पेन्सरचा. त्याच तळघरात एका बाजूला यंत्रं आणि दुसऱ्या बाजूला बांधलेल्या पंखांच्या घारी! दोघांना व्यायामाचा नाद होता, त्यामुळे स्नायू आणि शिरा कशा जोडलेल्या असतात ते थोडं ठाऊक होतं, बाकीचं डॉक्टरांकडून शिकले. आजवर त्यांनी हजारो घारींवर उपचार केले आहेत. शौनक सेन यांनी त्यांच्यावर काढलेला ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२३ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. जरा मोठे झालात की जरूर बघा.

घारीचं हाड दोन-तीन आठवड्यांत सांधतं, आपल्यापेक्षा कितीतरी लवकर. पण मोठी पिसं तुटली तर पंचाईत. तुटलेलं पीस नखासारखं वाढत नाही. त्याचा बुडखा गळून नवं पीस येईपर्यंत थांबावं लागतं, आणि घारीची सगळी पिसं बदलायला वर्षभर लागू शकतं. तोवर ती पिंजऱ्यात राहिली तर पायांना फोड येतात, स्नायू ढिले पडतात. मग आम्ही पिसाचं कलम करतो. हो, हापूसचं करतात तसंच! मेलेल्या घारीची गळालेली, चांगली पिसं आम्ही क्रमांक टाकून जपून ठेवलेली असतात. डाव्या पंखाचं चौथं पीस तुटलं असेल तर डाव्या पंखाचं चौथंच हवं, दुसरं चालत नाही. तुटक्या पिसाची पोकळ नळी सारखी कापायची, बांबूची बारीक काडी तासून अर्धी तिच्यात आणि अर्धी नव्या पिसात बसवायची, वर चिकटवणीचा एक थेंब. ससाणे पाळणाऱ्या शिकाऱ्यांना ही युक्ती शेकडो वर्षांपासून माहीत होती. पुढच्या पिसं-बदलाच्या वेळी कलम गळून पडतं आणि घारीचं स्वतःचं पीस उगवतं. कुण्या एका मेलेल्या घारीची पिसं तोवर तिला आभाळात धरून ठेवतात.

सगळेच पाहुणे परत जातात का? नाही. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगायला हवं. काही खोके उघडतानाच उशीर झालेला असतो. काहींचा पंख इतका फाटलेला असतो की डॉक्टरांना त्यांना वेदनेतून शांतपणे सोडवावं लागतं. त्या दिवशी केंद्रात कुणी फारसं बोलत नाही. पण वहीत तेही लिहिलं जातं, तारखेसकट.

जे जातात ते जिथे सापडले तिथेच सोडायचे, हा आमचा नियम. पक्ष्याला आपलं पाणवठ्याचं झाड आणि आपले शेजारी माहीत असतात. घुबड संध्याकाळी सोडायचं, नाहीतर दिवसा कावळे त्याचा पिच्छा पुरवतात. बुलबुल सकाळी. आणि सोडताना टाळ्या नाहीत, उडवून देणं नाही. खोक्याचं झाकण उघडून आपण दहा पावलं मागे जायचं. कधी तो लगेच जातो, कधी अर्धा तास खोक्याच्या कडेवर बसून राहतो. मागे वळून मात्र कुणी बघत नाही हं, ते सिनेमातच.

पत्र लिहिणाऱ्या मित्रा, तुझा एक प्रश्न राहिला: तुझ्या गच्चीवर आता एक काळं पिल्लू आहे, दोन कावळे सारखे त्याच्यावर धावून येतात, तर ते उचलू का? जून-जुलैत हा फोन आम्हालाही रोज येतो. कावळ्याच्या घरट्यात वाढलेलं ते कोकिळेचं पिल्लू असू शकतं. कावळे कधीकधी कोकिळेला हाकलतात हे खरं, पण आपण वाढवलेल्या पिल्लाला ते बरेच दिवस भरवतातही, आणि ते भरवणं लांबून मारामारीसारखंच दिसतं. तेव्हा आधी गच्चीच्या दाराआडून पाच मिनिटं बघ, कावळ्याच्या चोचीत काय आहे ते.